शहर ताब्यात आहे

कर्नलने ते शहर एका सकाळी घेतलं, बंदुकीची एक गोळीसुद्धा न झाडता. रणगाडे पूल ओलांडून आले, तेव्हा पलीकडची तुकडी आधीच मागं सरकली होती. आपल्याच तोफखान्याचा एक गोळा भरकटून शहराबाहेरच्या वीजकेंद्रावर पडला, तेवढंच काय ते नुकसान. दुपारी कर्नलने नगरपालिकेच्या इमारतीतून फोन लावला आणि म्हणाला, "सर, शहर ताब्यात आहे." जनरलसाहेबांनी तोंड भरून शाबासकी दिली. कर्नलला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं. पंचविसेक वर्षं ज्या कामाची तालीम केली, ते काम असं लोण्यासारखं पार पडलं तर कुणाची मान ताठ होणार नाही?

भांडण होतं नदीतल्या एका वाळूच्या बेटावरून. दोन देशांची हद्द नदीच्या मधोमध, आणि नदीने पात्र बदललं. बेट कुणाचं, हा प्रश्न आधी मोजणीवाल्यांचा होता. मग मोजणीवाल्यांत धक्काबुक्की झाली, कुणाची तरी दुर्बीण नदीत गेली, तो प्रकार टीव्हीवर आला आणि प्रश्न मंत्र्यांचा झाला. एका मंत्र्याने भाषण केलं, दुसऱ्याने त्याहून मोठं केलं. त्यानंतर आधी मागं कुणी सरायचं, एवढाच प्रश्न उरला, आणि तो सोडवायला सैन्य निघालं. कर्नलच्या बायकोने निघताना विचारलं होतं, "त्या वाळूत आहे तरी काय?" त्याने "तुला नाही कळायचं" म्हणून वेळ मारून नेली होती. खरं तर त्यालाही कळलं नव्हतं. तिकडची आणि इकडची भाषासुद्धा एकच, फक्त तिकडचे लोक बोलताना शेवटचा शब्द जरा लांबवतात.

शहर घेतल्यावर कर्नलने हुकूम काढला, दुकानं उघडा. दुसऱ्या दिवशी सगळी दुकानं उघडली. एकही बंद नाही. जवान साबण आणायला गेला, तर दुकानदार अगदी अदबीने म्हणाला, "संपला."

"हे मागं खोके दिसतायत ते?"

"रिकामे आहेत. शोभेला ठेवलेत."

ब्लेड संपली. बॅटरीचे सेल संपले. पाववाल्याच्या भट्टीचा वास सकाळभर रस्त्यावर दरवळायचा, पण जवान दारात उभा राहिला की पाव संपलेला असायचा. न्हाव्याने तर कमाल केली. तिन्ही खुर्च्या रिकाम्या, आणि हा पठ्ठ्या आरशाला फडकं मारत उभा. म्हणाला, "कात्र्या धारेला दिल्यात."

"मग आणा की."

"धार लावणारा पळाला ना, तुम्ही आलात त्या दिवशी."

कुणी दगड मारला नाही, घोषणा दिली नाही. जवान समोरून आला तर लोक बाजूला सरून वाट द्यायचे. नगरपालिकेचे लोक वेळेवर यायचे, टेबलाशी बसायचे, आणि कुठलंही काम सांगितलं की चावी सापडायची नाही. त्यांचे नगराध्यक्ष म्हणजे एक काटकुळे, वयस्कर गृहस्थ, शाळेतून निवृत्त झालेले. प्रत्येक गोष्टीला "हो साहेब, बघतो साहेब" म्हणायचे, आणि खरोखर बघायचे. नुसतेच बघायचे.

"सर, ही माणसं आपल्याला उल्लू बनवतायत," मेजर म्हणाला. मेजर कर्नलच्या हाताखालचा, तरणाबांड, रागीट. "दहाबारा जणांना उचलू. एका दिवसात सुतासारखे सरळ होतील."

"कुठल्या गुन्ह्यासाठी? साबण संपल्याच्या?"

मेजर दात खात निघून गेला.

रोज संध्याकाळी कर्नल फोनवर तेच वाक्य म्हणायचा, शहर ताब्यात आहे, आणि दर दिवशी ते म्हणताना त्याचा आवाज थोडा खाली यायचा. एका संध्याकाळी जनरलसाहेब म्हणाले, "येत्या आठवड्यात मंत्रिमहोदय तिकडं येतायत. सोबत कॅमेरेवाले. जनजीवन सुरळीत झालंय हे लोकांना दिसलं पाहिजे. बाजारात चार पावलं चालतील, काहीतरी विकत घेतील. मग एखाद्या शाळेत जातील, मुलांशी बोलतील. एवढं जमेल ना?"

"जमेल सर," कर्नल म्हणाला.

शाळा उघडायचं त्याने नगराध्यक्षांना सांगितलं, तर ते म्हणाले, "हो साहेब. पण मुलं बसतील कुठं? वर्गांत तुमचे जवान झोपतात."

ते खरंच होतं. शहरातली सगळ्यात मोठी इमारत म्हणून तुकडी शाळेतच उतरली होती. फळ्यावर पहाऱ्याच्या पाळ्या लिहिल्या होत्या, बाकांवर मोजे वाळत होते. कर्नलने जवानांना मैदानात तंबू ठोकायला लावले, वर्ग धुऊन घेतले, फळे पुसले. सोमवारी शिक्षक आले, शिपायाने घंटा दिली. मुलांचा पत्ता नाही. शाळेचं फाटक सताड उघडं, आणि आत बारा शिक्षक एकमेकांची तोंडं बघत बसलेले.

"मुलं कुठायत?" कर्नलने विचारलं.

"गालफुगीची साथ आहे साहेब," नगराध्यक्ष म्हणाले. "घरोघर. एकाची दुसऱ्याला लगेच लागते."

"सगळ्या शहराला? एकाच दिवशी?"

"साथच ती," ते खेदाने म्हणाले.

कर्नल संतापला, पण हसूही येत होतं, आणि हसू दाबताना त्याच्या डाव्या जबड्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. ती दाढ चार दिवस ठणकत होती. लवंग, गोळ्या, कोमट पाणी, सगळं करून झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तर गाल टम्म सुजलेला. तंबूतून बाहेर आल्यावर पहाऱ्यावरच्या जवानाने सलाम ठोकला आणि दोन पावलं मागं सरकला. कचेरीत नगराध्यक्षांनी चष्मा वर करून पाहिलं. "अरेरे," ते म्हणाले, "तुम्हालाही?"

लष्कराचे दंतवैद्य दोन दिवसांच्या वाटेवर होते. शेवटी नगराध्यक्षांनीच चौकातल्या एका इमारतीकडे बोट दाखवलं.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता, खाली प्रसूतिगृह. दार उघडलं ते पन्नाशीच्या, केस आखूड कापलेल्या एका बाईंनी. दातांच्या डॉक्टर त्याच. त्यांनी कर्नलच्या गणवेशाकडे पाहिलं, मागच्या दोन बंदूकधारी जवानांकडे पाहिलं, मग गालाकडे. गालाकडे जास्त वेळ.

"झोप लागते का?"

"नाही."

"लागणार नाहीच. पण माझं मशीन विजेवर चालतं, आणि वीज तुम्ही घालवलीत."

"जनरेटर पाठवतो. तासाभरात."

"मग आधी खाली जोडायचा. खाली बाळंतिणी आहेत. परवा एक मूल मेणबत्तीच्या उजेडात जन्मलं. त्यातून उरेल ती वीज मला."

मेजर असता तर वाद घातला असता. कर्नलने वाद घातला नाही. दाढ असं काही ठणकत होती, की बाईंनी रणगाडा मागितला असता तरी त्याने विचार केला असता.

जनरेटर सुरू झाला. खालून कुणीतरी टाळ्या वाजवल्याचा आवाज आला. कर्नल खुर्चीत आडवा झाला आणि जवान दोन्ही बाजूंना उभे राहिले.

"हे दोघं माझ्या उजेडात उभे आहेत," बाई म्हणाल्या.

कर्नलने त्यांना बाहेर पाठवलं. दार लागलं, आणि त्याच्या लक्षात आलं, की या शहरात आल्यापासून तो पहिल्यांदाच शहरातल्या माणसाबरोबर एकटा होता. पाठीवर पडलेला, तोंड वासलेलं, आणि त्या माणसाच्या हातात टोकदार हत्यार. त्याच्या तळव्यांना घाम फुटला. बाईंनी आरशाच्या दांडीने दाढेवर हलकंच टकटक केलं. कर्नलचे पाय खुर्चीवरून उडाले.

"हीच. आत पू झालाय. भूल देते, थोडं टोचेल."

टोचलं, पण थोडंच. भूल चढेपर्यंत त्या हातमोजे नीट करत राहिल्या. मग कापसाचे बोळे गालाशी कोंबले, मशीन हातात घेतलं आणि कामाला लागल्या. आणि बोलायलाही.

"माझा मुलगा तुमच्या समोरच्या फौजेत आहे. नदीपासून वर जी टेकडी दिसते ना, तिच्यापलीकडं. म्हणजे होता. आता कुठं सरकवलाय कुणास ठाऊक. फोन लागत नाही. गणित शिकायचा. नोव्हेंबरात परीक्षा होती."

कर्नलने घशातून काहीतरी आवाज काढला.

"जीभ हलवू नका. तुम्ही आलात त्या दिवशी मी खिडकीत होते. इतके रणगाडे मी टीव्हीवरसुद्धा पाहिले नव्हते. म्हटलं, एवढं सगळं आणलंय म्हणजे यांना नक्की काहीतरी हवं असणार. मग आठवडा गेला. तुमची पोरं दारोदार साबण मागत फिरायला लागली. आता मी रोज विचार करते, यांना हवंय तरी काय? दुखतंय?"

कर्नलने मान हलवून नाही म्हटलं.

"आता दाब जाईल बघा."

आणि खरंच, आत कुठंतरी काहीतरी फुटलं, तोंडात घाणेरडी चव आली आणि चार दिवसांचा ठणका एका क्षणात ओसरला. कर्नलच्या डोळ्यांत पाणी आलं. तीस हजार फुटांवरून खाली येताना कानाचे दडे सुटावेत, तसं सगळं डोकं मोकळं झालं. बाईंनी बोळे काढले, पाण्याचा पेला पुढं केला.

"चूळ भरा."

त्याने चूळ भरली. मग सुन्न ओठांनी, शब्द सांडत म्हणाला, "आम्ही सरहद्दीच्या सुरक्षेसाठी आलो. बेटाचा प्रश्न—"

"आणखी एकदा भरा."

त्याने भरली.

"तुमच्याकडं कुणीतरी म्हणालं असेल," बाई हत्यारं पुसत म्हणाल्या, "की आता मागं आलो तर लोक तोंडात शेण घालतील. आमच्याकडंही कुणीतरी हेच म्हणालं. दोघांनाही वाटलं, समोरचा नमेल. आमच्या घरात नवरा-बायकोत असं झालं की दोन दिवस कुणी बोलत नाही आणि मग भाजी काय करायची म्हणून तोंड उघडावं लागतं. तुमच्याकडं तोंड उघडायच्या आधी रणगाडे असतात."

कर्नलला त्या बैठकीची आठवण झाली. लांब टेबल, भिंतीवर नकाशा. जनरलसाहेबांनी विचारलं होतं, किती वेळात शहर घेता येईल? सगळ्यांनी चटाचटा आकडे सांगितले होते. त्यानेही. घेतल्यावर काय करायचं, हे कुणी विचारलंच नव्हतं. विचारणारा भित्रा ठरला असता.

"आज तात्पुरतं बुजवलंय," बाई म्हणाल्या. "पू गेला, पण मुळं साफ करायचीत. आठ दिवसांनी या, नाहीतर पुन्हा सुजेल."

"आठ दिवसांनी मी इथं असेन की नाही, सांगता येत नाही."

"ते तुमच्या हातात आहे का?"

"नाही," तो म्हणाला. जिना उतरताना त्याला वाटलं, थोडंसं असेलही.

गुरुवारी मंत्री येणार होते. त्याच दिवशी, मंगळवारी, मेजर आराखडा घेऊन आला. पहाटे घरोघर जायचं, प्रत्येक घरातून एकेक बाप्या गाडीत बसवायचा, मुलं शाळेत आली की बाप सोडायचा. दुकानांत प्रत्येक गल्ल्याशी साध्या वेशातला जवान. "कॅमेऱ्यात काही दिसणार नाही सर. अर्ध्या दिवसाचं तर काम."

"आणि एखाद्या बापाने दार उघडलं नाही तर?"

"तोडू."

"आणि आतून कुणी काही उगारलं तर? तुझा जवान काय करेल?"

मेजरने आराखडा टेबलावर ठेवला.

"आत्तापर्यंत या शहराने आपल्याला फक्त साबण नाकारलाय," कर्नल म्हणाला. "परवापासून ते काय काय नाकारतील, याचा विचार केलास? आपण चारशे आहोत. ते चाळीस हजार. ते नुसते रस्त्यात येऊन बसले तरी आपल्याला पुलापर्यंत जाता येणार नाही, गोळ्या घातल्याशिवाय. आणि गोळ्या घालायच्याच तर कुणावर? त्या न्हाव्यावर?"

मेजरने आराखडा घडी करून खिशात घातला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, पण खांदे मात्र सैल पडल्यासारखे दिसले.

कर्नलने दार लावून घेतलं आणि जनरलसाहेबांना फोन लावला.

"सर, मंत्र्यांना आणू नका. इथं दाखवण्यासारखं काही नाही."

"शहर ताब्यात आहे ना?"

"इमारती ताब्यात आहेत सर. पूल आहे, चौक आहे. शहर नाही."

"आणखी माणसं पाठवू? किती हवीत?"

"जितकी पाठवाल तितका पाव कमी पडेल. मी मुलांच्या बापांना बंदुकीच्या धाकावर उचलू शकतो, पण मग मला ते रोज करावं लागेल, आणि दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा जास्त. ते मी करणार नाही सर. दुसऱ्या कुणाला पाठवायचं असेल तर पाठवा. पण त्यालाही साबण मिळणार नाही."

कर्नलला वाटलं, नोकरी संपली. मग जनरलसाहेबांनी खोकून घसा साफ केला. पुढं बोलले तो आवाज हुकमाचा नव्हता, थकलेल्या माणसाचा होता.

"तू तिसरा," ते म्हणाले. "नदीच्या खालच्या अंगाला घेतलेल्या दोन्ही शहरांतून हेच कळलंय. एकाने तर सरळ सांगितलं, त्याच्या तुकडीचे कपडे धुवायला कुणी नाही. मी काल वरती सांगून आलो, की सैन्य जे करू शकतं ते सगळं आपण पहिल्याच दिवशी करून बसलोय. मला वाटलं होतं, हाकलून देतील. पण त्यांनासुद्धा कुणीतरी हे सांगायला हवं होतं, असं दिसलं. कालपासून त्यांची तिकडच्यांशी बोलणी चालू आहेत. तिकडचेही दमलेत. वाट बघ."

गुरुवारी मंत्री आले नाहीत. शुक्रवारी दुपारी फोन वाजला. बेटाची मोजणी दोन्हीकडचे लोक मिळून करणार होते, तोवर तिथं कुणी पाऊल ठेवायचं नव्हतं, आणि दोन्ही सैन्यांनी जिथून निघाले तिथं परत जायचं होतं. जनरलसाहेब एकच शब्द म्हणाले, "आवरा."

कर्नलने फोन ठेवला. मग त्याने खिडकी उघडली. बाहेर मेजर उभा होता. कर्नलने त्याला सांगितलं. मेजरने टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि भिंतीला टेकला.

"सर, खरं सांगू? त्या दिवशी तुम्ही हो म्हणाला असतात तर मी केलं असतं. आणि मग माझं काय झालं असतं कुणास ठाऊक."

"नाही म्हणालो ना. चल, तंबू उतरवायला घे."

बातमी शहरात कशी पसरली, देव जाणे. तंबू निम्मे उतरले नाहीत तोच शाळेच्या कुंपणाशी मुलांची गर्दी झाली, एकजात सगळ्यांचे गाल सपाट. कर्नल दवाखान्याचा जिना चढला. आठ दिवस व्हायला अवकाश होता, पण नंतर कधी येणार होता? बाई फोन कानाला लावून उभ्या होत्या, डोळ्यांतून धारा वाहत होत्या, आणि चेहरा मात्र उजळलेला. त्यांनी हातानेच त्याला खुर्ची दाखवली.

"जेवलास का?" त्या फोनमध्ये विचारत होत्या. "मग काय खाल्लंस? तेवढंच? ... नाही, इथं सगळं नीट आहे. पेशंट आलाय, ठेवते. तू पुन्हा कर. लगेच कर."

त्यांनी डोळे पुसले, हात धुतले, हातमोजे चढवले. मुळं साफ करायला बराच वेळ लागला. या वेळी त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि कर्नलच्या तळव्यांना घामही आला नाही. काम झाल्यावर त्याने विचारलं, "जनरेटर इथंच ठेवून गेलो तर चालेल? वीजकेंद्र दुरुस्त होईपर्यंत?"

"चालेल काय, उचलून न्यायला आलात तर खालच्या बाळंतिणी तुम्हाला जिना उतरू देणार नाहीत," बाई म्हणाल्या. दारापर्यंत सोडायला आल्या. "महिन्याने तुमच्याकडच्या कुणाकडून तरी दाढेवर पक्की टोपी बसवून घ्या. आणि परत येऊ नका. राग मानू नका हं."

"नाही मानत," कर्नल म्हणाला, आणि खरोखरच त्याला राग आला नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्या गाड्या पुलावरून पार झाल्या. आपल्या काठावर मोकळ्या माळावर त्याने तुकडी उभी केली आणि हजेरी घेतली. एकेक नाव, एकेक "हजर". शेवटच्या नावाला उत्तर आलं तसा जवानांचा एकदम गलका उठला. कुणी बूट काढून गवतावर पसरलं, कुणी कुणाच्या पाठीवर थापा मारत होतं. दोघं जण लहान पोरांसारखे नदीत उतरून तोंडावर पाणी मारत होते. कर्नल एका ट्रकच्या आडोशाला गेला. तिथं तो चाकाला टेकून मटकन खाली बसला. मग फोन काढून घरी लावला.

"अलीकडं आलो," तो म्हणाला. "सगळे आलो."

पलीकडं बायकोने खोल श्वास घेतला. मग ती एकदम भडाभडा बोलायला लागली. न्हाणीघराचा नळ गळतोय, प्लंबर आज येतो उद्या येतो करतोय, पोरीने केस कापून घेतलेत आणि अगदी भुतासारखी दिसते, तू काही बोलू नकोस हं तिला, शेजारच्यांनी गाडी पुन्हा आपल्या दारात लावली. तिचा आवाज मधेच कापत होता, पण ती थांबत नव्हती. कर्नलने तिला थांबवलं नाही. मान मागं टाकून, डोळे मिटून तो ऐकत राहिला आणि अधूनमधून म्हणत राहिला, "हं. मग? पुढं काय झालं?"